पूर्ण किलो

ग्रिसेल्दाने पिशवी काट्याच्या आकड्यात अडकवली आणि सुई डोलायची थांबेपर्यंत ती तोंडावरच्या मास्कआड गप्प उभी राहिली. बापाच्या पोटातून नुकतंच निथळून आलेलं फिकट पिवळं पाणी पिशवीत हिंदकळत होतं.

"दोन किलो दोनशे," ती म्हणाली. "दोन लिटर आत सोडलं होतं, वर दोनशे घेऊन आलं. पिशवी आपलं काम चोख करतेय."

मग ती खाली वाकली आणि तिने बापाच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा.

"मग हे पाणी कुठून आलं, पप्पा?"

एवोदियो रेंतेरिया खुर्चीत ताठ बसला होता. ताठ बसण्यावाचून इलाज नव्हता; जरा मागे रेललं की धाप लागायची. डोळ्यांखाली फुगवटे आले होते आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गायब झाल्या होत्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याने बाळसं धरलंय.

"मला काय विचारतेस? दोन पेले सांगितलेत, दोन पेले पितो. सापोपानच्या माउलीची शपथ."

"माउलीला मध्ये आणू नका. काट्याला काय पडलंय खोटं बोलायचं?"

"आणि मला पडलंय?"

ग्रिसेल्दाने नवी पिशवी वर टांगली, नळी जोडली, चिमटा सोडला आणि हात पुसत दाराशी आली. औषधाच्या दुकानात तिची नोकरी होती, बस चुकवून चालणार नव्हतं. दाराबाहेर आई उभी होती.

"आई, स्वयंपाकघराला कुलूप लाव. न्हाणीघराच्या नळाचं पाणी बाहेरून बंद कर. आणि पप्पांचे दोस्त चोनकाका आले तर रिकाम्या हातांनी आत घे. मागच्या खेपेला प्यायला मक्याचं थंडगार तेहुइनो घेऊन आले होते, माणूस मरतोय याची शुद्ध नाही त्यांना."

"लावते," ओतिलिया म्हणाली.

तिने कुलूप लावलं. एवोदियो उघड्या दारातून तिच्याकडे बघत होता, म्हणून ती कुलपाकडे बघत राहिली.

ही खोली मुळात ग्रिसेल्दाची. बापाची मूत्रपिंडं थकली आणि इस्पितळाने सांगितलं की पोटात नळी बसवू, दिवसातून चार वेळा घरच्या घरी पाणी बदलायचं, पण त्यासाठी एक स्वच्छ खोली हवी. तेव्हा तिने आपला पलंग बाहेरच्या खोलीत ओढला, भिंतींना फरश्या लावून घेतल्या, हात धुवायला बेसिन बसवलं. तिघांनीही इस्पितळात जाऊन शिकून घेतलं. शेवटच्या दिवशी नर्स नोएमीने सांगितलं, निघालेलं पाणी मोजायला एक टांगता काटा आणा. ग्रिसेल्दा त्याच संध्याकाळी बाजारात गेली आणि दुकानाचाच काटा उतरवून घेऊन आली.

"नवा कशाला?" ती म्हणाली होती. "सगळ्या बाजारात याच्याइतका खरा काटा नाही. दुकानाला लावू दुसरा."

एवोदियोचे डोळे भरून आले होते. ओतिलिया तेव्हा परात घासत होती. तिचा हात तिथेच थांबला.

कारण काटा खरा नव्हता, आणि हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं.

बाजारातल्या त्यांच्या दुकानाची रीत लग्नापासून ठरलेली. एवोदियो मागे तांब्याच्या मोठ्या कढईत डुकराचं मांस त्याच्याच चरबीत मंद शिजवायचा, बाहेर काढायचा, कापायचा. ओतिलिया पुढे वजन करायची आणि पैसे घ्यायची. तो काट्याशी यायचा नाही, ती कढईशी जायची नाही. कढईमागून तो ओरडायचा, "या, या! इथे किलो म्हणजे हजार ग्रॅम!" शेजारच्या दुकानांतले किलो केव्हाच रोडावले होते. तिथला भाव कमी असायचा, आणि गिऱ्हाईक सगळं ठाऊक असूनही कमी भावाकडेच धावायचं. एका उपासाच्या महिन्यात सलग मांस उरायला लागलं. एवोदियोला सांगून पाहिलं तर तो म्हणाला, "उरू दे. मी माझ्या हाताने कुणाचं चोरणार नाही." मग ओतिलियाने काटा साफ करायचा म्हणून ग्वादालाहाराला नेला. तिथल्या कारागिराने आतली स्प्रिंग बदलून दिली. तेव्हापासून काटा नऊशे ग्रॅमला किलो म्हणू लागला. भाव तिने थोडा उतरवला आणि गिऱ्हाईक परत आलं. याहून जास्त नको, असं तिने कारागिराला बजावलं होतं. शेजाऱ्यांपेक्षा आपला काटा कमी खोटा, हेच तिने पुण्य मानलं. दोन महिने चालवू आणि परत बदलून आणू, असंही ठरवलं होतं. पण एकदा घर चालायला लागल्यावर परत कोण बदलतंय!

आणि मग कढई पुरायला लागली. तेवढ्याच मांसात जास्त गिऱ्हाईक निघायचं. एवोदियोच्या ते लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. संध्याकाळी कढई घासताना तो तिच्या काठावरून हात फिरवायचा. "बरकत आहे हिला," म्हणायचा, "माउलीचा हात आहे हिच्यावर." त्याने हे सगळ्या बाजाराला सांगितलं. दर ऑक्टोबरात माउलीच्या मिरवणुकीत तो सापोपानच्या चर्चपर्यंत अनवाणी चालायचा, आणि घरी आल्यावर ओतिलिया त्याचे पाय कोमट पाण्यात बुडवून काचा-खडे काढत बसायची.

आता तोच काटा फरश्यांच्या खोलीत टांगला होता आणि गिऱ्हाइकाशी वागला तसाच मालकाशी वागत होता. पोटातून दोन किलो आलं की तो दोन किलो दोनशे सांगायचा. वरचे दोनशे निघालेच नव्हते. खाण्यातलं, पिण्यातलं पाणी दिवसामागून दिवस एवोदियोच्या अंगातच मुरत होतं. सुई म्हणायची पाणी जातंय, पाय म्हणायचे राहतंय, आणि या दोघांच्या भांडणात खोटा ठरायचा तो एवोदियो.

ओतिलियाला हे आठवड्याभरातच उमगलं. तिने उपाय करून पाहिला नाही असं नाही. दुपारची पिशवी तिच्याकडे असायची. ती मनातल्या मनात वजाबाकी करून आकडा सांगू लागली. संध्याकाळी ग्रिसेल्दाने कपाळाला आठ्या घातल्या.

"सकाळी बावीसशे, संध्याकाळी बावीसशे, आणि फक्त तुझ्याच हातून दोन हजार? आई, तू नीट निथळू देत नाहीस. नळी दुमडून ठेवत असशील."

"नाही गं, दुमडत नाही."

"मग घाई करत असशील. राहू दे, तुला दुकान आहे. दुपारची मी येऊन करेन."

त्या दिवसापासून पोरगी जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत घरी येऊ लागली. डबा बसमध्ये खायची.

मग ओतिलियाने नवा काटा विकत आणला, आकडे उजळणारा. एवोदियोने खोका पाहिला.

"हे काय?"

"काटा. वाचायला सोपा. तो जुना झालाय आता."

तो हसला. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला लवकर थांबेना. "म्हातारे, जुना मी झालोय, तो नाही. परत करून ये."

"असू दे ना घरात."

"आणि लोक काय म्हणतील? रेंतेरियाच्या घरात रेंतेरियाच्या काट्यावर भरवसा नाही?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याच्या पायांतलं बळ गेलं, जेवणातलं मीठ गेलं, कढईवर पगारी माणूस आला. नवऱ्याकडे आता त्या हजार ग्रॅमशिवाय उरलंय काय, तेवढं तरी त्याला असू दे, असं ती स्वतःला समजावत राहिली. खरं तर ती स्वतःला वाचवत होती. हेही तिला कळत होतं, आणि कळूनही ती खोका कपाटावर ढकलून मोकळी झाली.

त्याहून वाईट एक गोष्ट तिने केली. ग्रिसेल्दा बापावर तोंडसुख घेत असताना एकदा तीही म्हणून गेली, "खरंच रे, एवढी कसली ओढ पाण्याची? पोरीच्या जिवाचा तरी विचार कर." एवोदियोने तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्याचे ओठ तहानेने फुटले होते.

मग एका सकाळी त्याचा पाय कुठल्याच चपलेत जाईना. ओठ निळसर पडले, आणि एक वाक्य बोलायला त्याला चार वेळा थांबावं लागलं. शेजाऱ्याच्या ट्रकमधून त्याला इस्पितळात नेलं. छातीच्या फोटोत पाणी दिसत होतं. नोएमीने त्याला उशांच्या ढिगाला टेकवून बसवलं, प्राणवायू लावला, आणि पोटातलं पाणी स्वतःच्या हाताने काढून इस्पितळाच्या काट्यावर ठेवलं. आकडा पाहून तिने काटा रिकामा करून पिशवी पुन्हा ठेवली.

"घरी बावीसशे निघतं म्हणालात ना?"

"रोज," ग्रिसेल्दा म्हणाली.

"इथे दोन हजारालाही टेकत नाहीये. घरी कुठला काटा आहे?"

"आमच्या दुकानाचा. माझ्या जन्माआधीपासूनचा आहे. त्याच्याकडे बोट दाखवायची बाजारात कुणाची छाती नाही."

ओतिलिया खाटेच्या पायथ्याशी दांडी धरून उभी होती. नवरा पाण्यात बुडत होता, कोरड्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. आज गप्प बसलं तर तो घरी जाईल आणि त्याच सुईखाली जाऊन बसेल. तिने दांडी घट्ट धरली.

"सिस्टर, तो काटा..."

"मी प्यायलो," एवोदियो म्हणाला.

सगळे वळले. त्याने नाकावरची नळी खाली ओढली होती.

"पाणी. प्यायलो मी. न्हाणीघरातल्या बादलीतलं." तो थांबला, श्वास घेतला. "रोज प्यायचो. काट्याचं काही नाही."

ग्रिसेल्दा भिंतीकडेच्या स्टुलावर बसली.

"माउलीची शपथ घेतली होतीत तुम्ही."

"घेतली होती."

"मी तिथे उपाशी पळत येत होते. आणि तुम्ही..." तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा तिला रागही आला. ती उठून बाहेर गेली.

नोएमीला नवल वाटलं नाही. शपथा खाणारे तिने पुष्कळ पाहिले होते. "कबूल तरी केलंत, काका," ती म्हणाली. "बाकीचे नाकातोंडात पाणी जाईपर्यंत करत नाहीत. आता काही दिवस लाल पिशवी लावू, ती जोरात ओढते. आणि काटा मात्र नवा घ्या. जुन्या स्प्रिंगा ढिल्या पडतात, त्यात कुणाचा दोष नसतो."

"घेऊ," एवोदियो म्हणाला. "कपाटावर पडलाय एक."

लाल पिशव्यांनी पाणी ओढलं. आठवडा संपता संपता पाय चपलेत गेला आणि चेहऱ्यावर सुरकुत्या परत आल्या. घरी सोडायच्या दिवशी ग्रिसेल्दा पैसे भरून पिशव्यांचे खोके घ्यायला खिडकीपाशी रांगेत उभी राहिली, आणि नवराबायको व्हरांड्यातल्या बाकावर बसले. या सगळ्या दिवसांत ती दोघं एकटी अशी सापडली नव्हती.

"कधी कळलं तुला?" ओतिलियाने विचारलं.

"एकदा तू दुकानात होतीस तेव्हा. म्हटलं, तुम्ही दोघी मला रोज चोर ठरवताय, एकदा सिद्धच करून दाखवू. परसात कढईच्या सामानात मिठाचं पाकीट होतं, किलोचं, सील न फोडलेलं. ते लटकवलं, तर सुई किलोच्या पुढे शंभर गेली." त्याने तळहात गुडघ्यांवर ठेवले. "काढलं, परत लटकवलं. वाटलं, माझेच डोळे गेले."

ओतिलिया रांगेतल्या पोरीच्या पाठीकडे बघत होती.

"किती वर्षं, ओतिलिया?"

"ग्रिस पहिलीत होती."

त्याने रांगेकडे पाहिलं. पोरीच्या केसांत आता एखाददुसरा पांढरा दिसत होता.

"म्हणजे ती कढईची बरकत..."

"हो."

"मी अनवाणी चालत होतो."

आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. आरडाओरड कशी झेलायची हे तिला ठाऊक होतं.

"सांगणार होते मी," ती म्हणाली.

"कधी? तू मला तोंड वर करून विचारलंस, एवढी कसली ओढ पाण्याची. मला वाटलं होतं, निदान तू तरी माझ्या बाजूची आहेस."

ओतिलियाने पदराशी चाळा करावा तसा शालीचा काठ बोटाभोवती गुंडाळला, सोडला. मग म्हणाली, "मग तिथे खोटं का बोललास? मी सांगतच होते."

"तिला काय ऐकवायचं होतं? आई काट्यात चोर, बाप पाण्यात चोर?" तो किंचित हसला आणि ते हसू पाहवत नव्हतं. "एकाचंच तोंड काळं झालं तर पुरे. माझं तुम्ही आधीच केलं होतंत."

ग्रिसेल्दा खोक्यांची गाडी ढकलत आली. बापाकडे न बघता म्हणाली, "चला. आणि आई, घरी गेल्यावर ती न्हाणीघरातली बादलीसुद्धा उचलून ठेव. अंघोळीला मी स्वतः मोजून पाणी देईन त्यांना."

"उचलते," ओतिलिया म्हणाली.

रविवारी सकाळी चर्च सुटल्यावर बाजार फुलला. घरी नवा काटा लागला होता आणि जुना दुकानात आपल्या जागी परत आला होता. एवोदियो म्हणाला, मला न्या, दोन पिशव्यांच्या मधे वेळ आहे, घरात जीव गुदमरतो. त्याला स्टूल दिलं. पूर्वी तो कढईमागे असायचा. आज स्टूल ओढून तो ओतिलियाच्या शेजारी, काट्यासमोर येऊन बसला. सकाळभर तो नुसती सुई बघत राहिला. प्रत्येक गिऱ्हाइकागणिक ओतिलिया डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होती. आता हा उठेल, आता सगळ्यांसमोर तोंड उघडेल, असं तिला वाटत होतं. मधूनच वाटायचं, उघडू दे एकदाचं.

तोमासाबाई आली. तिच्या लग्नाच्या जेवणाचं मांस याच दुकानातून गेलं होतं, आणि आता ती नातवंडांसाठी न्यायची.

"अगंबाई, एवोदियोकाका! किती सुकलात हो."

"पाणी उतरलं अंगातलं," तो म्हणाला.

"बरं झालं. एक किलो द्या, बरगडीकडचं."

ओतिलियाने तोललं. सुई किलोवर थांबली. एवोदियो सुईकडे पाहत होता. वजन झाल्यावर गिऱ्हाइकाला वर काहीतरी घालायचं, ही इथली रीत; कुणी चिमूटभर घालतं, कुणी मूठभर. ओतिलियाचा हात यात नेहमीच सढळ होता, म्हणून तर लोक तिला दुवा द्यायचे. स्प्रिंग बदलल्यापासून ती त्या वरच्या तुकड्याच्या भरवशावरच रात्री झोपत आली होती. आज तिने एक तुकडा कापून कागदावर ठेवला, मग त्याहून मोठा दुसरा ठेवला, आणि तिसऱ्यासाठी सुरी उचलली. नवऱ्याने पाहावं, असं तिला वाटत होतं. सगळं ती आत्ताच, याच कागदावर, परत करून टाकणार होती.

एवोदियोने तिच्या मनगटावर हात ठेवला. बोटं पुन्हा हाडकुळी झाली होती, पकड मात्र कसायाचीच होती.

त्याने कागदावरचा दुसरा तुकडा उचलला आणि परातीत परत टाकला. मग पहिला उचलून बघितला, त्याचा अर्धा कापला, आणि तोही परत टाकला.

"पिशव्या पैशांनी येतात. जगायचंय अजून मला," तो तिला ऐकू जाईल इतकंच म्हणाला.

त्याने पुडी बांधून तोमासाबाईच्या हातात दिली आणि तिच्या मागच्या बाईकडे पाहून हसला.

"बोला ताई, किती देऊ?"